भाजलेल्याला दोष नाही

त्या काळी अमरावतीत कॉफी हे पेय नव्हतं, औषध होतं. ताप उतरलेल्या माणसाला जायफळ घालून अर्धा कप द्यायची, किंवा पुण्याकडचे पाहुणे आले तर त्यांचं मन राखायला करायची. पाहुणे गाडीत बसले की कॉफीचा डबा पुन्हा वरच्या फळीवर. अशा गावात माझ्या बाबांनी कॉफी भाजायचं यंत्र घ्यायचं ठरवलं.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतरच्या दोनतीन वर्षांतली ही गोष्ट. बाबा लढाईच्या काळात पलटणीत होते. बंगलोरकडच्या छावणीत रसदखात्यात त्यांची नेमणूक होती. तिथल्या एका मद्रासी हवालदाराने त्यांना कॉफी भाजायला शिकवलं. लढाई संपल्यावर बाबा परत आले आणि अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात बॉयलरपाशी कोळसा टाकायला लागले. पुढे जिनाच्या मालकाने बॉयलर काढून सगळं विजेवर केलं आणि बाबांच्या हातावर थोडे पैसे ठेवून त्यांना नमस्कार केला. त्या पैशांचं काय करायचं, यावर आमच्या घरी फार चर्चा झाली. मायला म्हैस हवी होती. मामांचं म्हणणं होतं, चांदूर रेल्वेकडे काळ्या मातीचा तुकडा पाहावा. बाबांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी कॉफीचं दुकान टाकून राहिलो."

माय म्हणाली, "कापी पिऊन कोनाचं पोट भरते?"

"पोट भरलेल्या लोकायसाठीच हाय थे."

"मंग गिऱ्हाईक कोठून आनसान?"

 उत्तर म्हणून बाबांनी मला मुंबईच्या एका कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायला सांगितलं. मी मॅट्रिक होऊन सरकारी कचेरीत कारकून लागलो होतो, तेव्हा घरातलं इंग्रजी माझ्याकडे होतं. कंपनीने गुळगुळीत कागदाचं एक माहितीपुस्तक पाठवलं. त्यात एका चकचकीत जर्मन यंत्राशेजारी टाय घातलेला माणूस हसत उभा होता. यंत्र परदेशातून येणार, त्यासाठी सरकारची परवानगी लागणार, आणि परवानगीच्या अर्जात आपण आधीपासून या धंद्यात असल्याचं दाखवावं लागणार. म्हणजे यंत्र मिळायला यंत्र असणं जरुरीचं होतं. किंमत मी बाबांना हळू आवाजात सांगितली. मायने चित्र निरखून पाहिलं. "हे आपल्या घरापेक्षा मोठं हाय," ती म्हणाली. "घेतलं तं आपनच याच्यात राहू."

कचेरीत मी ही हकिगत कुणाला सांगितली नव्हती, पण माहितीपुस्तक टेबलावर राहिलं आणि हेडक्लार्कसाहेबांनी ते पाहिलं. साहेब काळा कोट घालत, शुद्ध बोलत आणि रोज दुपारी घरून आलेली कॉफी थर्मासमधून पीत. सगळ्या कचेरीत कॉफी पिणारे ते एकटेच.

"कॉफी?" ते म्हणाले. "हा धंदा जरा निराळ्या संस्कारांचा आहे हो. वडिलांना सांगा, कोंबड्यांसाठी अर्ज करा. तुम्हा लोकांना सरकार आता सगळं देतंय."

सरकारने आम्हाला काय काय दिलं याची यादी त्यांनी कधी सांगितली नाही. पण जे दिलं ते त्यांच्याच खिशातून गेलं असावं, असा त्यांचा चेहरा होई. तरी माणूस मनाने वाईट नव्हता. जाता जाता म्हणाले, "अकोल्याला माझी सासुरवाडी आहे. स्टेशनच्या रस्त्यावर एक मद्रासी हॉटेल बंद होतंय. त्याच्या मागच्या अंगणात असलं एक धूड मी पाहिलंय. जुनं आहे. तुम्हाला चालेल."

त्या "तुम्हाला चालेल"चा राग मी रविवारपर्यंत ठेवला, आणि रविवारी बाबांबरोबर अकोल्याच्या गाडीत बसलो.

बाबांनी पलटणीचा कोट घातला होता. अकोल्याच्या उन्हात कोट घालणारे त्या दिवशी तेच एकटे असतील. "सौदा कराचा त युनिफॉर्म पायजे," असं त्यांचं म्हणणं. हॉटेलात टेबलं एकावर एक रचलेली होती आणि मालक जमिनीवर बसून पितळी पेले गोणपाटात गुंडाळत होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. इतकी वर्षं अकोल्यात राहून त्यांची वऱ्हाडी आमच्यापेक्षा ठसकेबाज झाली होती. मुलीकडे, आपल्या गावी, कायमचे निघाले होते.

"यंत्र पाह्याचं हाय? या."

मागच्या अंगणात पोत्याखाली ते उभं होतं. आडवं लोखंडी पिंप, एका बाजूला फिरवायचा दांडा, खाली कोळशाची पेटी, पुढे भाजलेला माल पसरायला जाळीचा ट्रे. शेजारी हाताने फिरवायची दळणी. बाबांनी पोतं बाजूला केलं आणि बंदुकीची तपासणी करावी तशी सुरुवात केली. दांडा हलवला, सांध्यांवर अंगठा फिरवला, मग पिंपाचं झाकण उघडून एक डोळा मिटून आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"अण्णा, यंत्र चालू हाय ना?"

"एकदम चालू."

"मंग यात कांदे कावून हायेत?"

अण्णांनी मान खाली घातली. कॉफीचं हॉटेल म्हणून त्यांनी सुरू केलं होतं. अकोल्याचे लोक आले, बसले, पाटी वाचली, आणि चहा अन् भजी मागायला लागले. पहिली काही वर्षं अण्णांनी त्यांना कॉफीचे गुण समजावून सांगितले. मग भज्यांचा कांदा ठेवायला कोरडी जागा कमी पडू लागली.

बाबांनी पुढचा सगळा सौदा कांद्यावर केला. अण्णा यंत्राची मजबुती सांगत, बाबा आतला वास सांगत. अण्णा म्हणत, असं लोखंड आता मिळत नाही. बाबा म्हणत, असा कांदाही मिळत नाही, पिंपाच्या अंगात मुरला आहे. माझ्या डोळ्यांना पाणी येत होतं. ते कांद्याचं की हसण्याचं, मला सांगता आलं नसतं.

शेवटी अण्णा वैतागून म्हणाले, "भाजून दाखवा. भाजता येत असन त पुढचं बोलू."

बाबांनी कोट काढून माझ्याकडे दिला. कांदे बाहेर आले, कोळसे पेटले, पिंप रिकामंच तापवून पुसून काढलं. अण्णांनी घरच्यासाठी ठेवलेल्या हिरवट बिया आणून दिल्या. बाबा दांडा फिरवायला लागले. आधी ओल्या पोत्यासारखा वास आला, मग भाकरीसारखा. मग आत तडतड सुरू झाली आणि धूर निळसर झाला. बाबांनी एकदम झाकण उघडून माल ट्रेवर ओतला. अण्णा आणि बाबा दोघे दोन बाजूंनी सुपाने वारा घालायला लागले. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. दोघांनीही बरेच दिवस हे काम केलं नव्हतं, आणि दोघेही एकाच वेळी थांबले.

कॉफी झाली. पितळी पेल्यांतून आम्ही ती प्यालो. किंचित कांद्याची होती, पण कुणी तसं म्हटलं नाही.

मग अण्णांनी तो प्रश्न विचारला. सरळ कुणीच विचारत नाही, तेही सरळ आले नाहीत. "तुमी अमरावतीचे. म्हणजे मूळचे कोठले? म्हणजे तुमचे लोक...?"

"बौद्ध हो आमी," बाबा म्हणाले आणि पेला खाली ठेवला. हा पेला आता अण्णा कसा उचलतात, इकडे माझं लक्ष.

अण्णांनी पेला उचलून त्यात पुन्हा कॉफी ओतली. मग उठून पुढे गेले आणि हॉटेलाच्या दारावरून उतरवलेली लांबलचक लाकडी पाटी ओढत घेऊन आले. तिच्यावर 'शुद्ध ब्राह्मणी कॉफी हॉटेल' असं लिहिलेलं होतं.

"हे बी घेऊन जा. फुकट."

"मी काय करू याचं?"

"मी बी तेच म्हणलं होतं. माझ्या बापानं जनमभर दुसऱ्याच्या गाई राखल्या. हे यंत्र ज्याच्यापासून घेतलं, त्यानं मले ही पाटी फुकट देल्ली. म्हणला, लाव, नाई त कोनी येनार नाई. मी लावली. इतकी वर्षं लोक इथं येऊन शुद्ध होऊन जाऊन राहिले."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांना त्याआधी असं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी रुमाल सोडला आणि त्यात होतं तेवढं समोर ठेवलं. अण्णांनी मागितलेल्यापेक्षा ते बरंच कमी होतं. अण्णांनी रुमालाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि दळणीही यंत्राबरोबर बांधायला सांगितली.

अकोल्याच्या स्टेशनवर नवा पेच आला. पार्सलबाबूंना या वस्तूचा वर्ग ठरवता येईना. शेतीचं अवजार म्हणावं तर शेतात चालत नाही. घरगुती भांडं म्हणावं तर दोघांना उचलत नाही. दांडा आहे म्हणून त्यांनी वाद्यांचं पानही उघडून पाहिलं.

"तोफ लिवा," बाबा म्हणाले.

बाबू हसले नाहीत. तोफेसाठी वेगळी परवानगी लागते, असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. अखेर 'लोखंडी सामान, जुने, उपयोग अज्ञात' असं लिहून यंत्र गाडीत चढलं. आमच्या घरी मायचं मतही याहून वेगळं नव्हतं. पाटी मात्र तिला आवडली. सागवानी होती. दुसऱ्या दिवशी ती अक्षरं खाली करून पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बसली.

जागा मिळवणं यंत्रापेक्षा कठीण गेलं. रिकामे गाळे पुष्कळ होते. मी कचेरीचा कारकून म्हणून विचारलं की भाडं सांगत, नाव सांगितलं की गाळा कालच गेलेला असे. शेवटी बाजाराच्या रस्त्यावर सायकली दुरुस्त करणाऱ्या एका चाचांनी आपलं अर्धं दुकान दिलं. ते म्हणाले, "भाईजान, कम से कम मेरे पंक्चर की बदबू तो जाएगी."

पहिल्या दिवशी भाजणी सुरू झाली तेव्हा दोघेजण पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, चाचांचं दुकान पेटलं. मग हळूहळू वास रस्त्याला लागला आणि लोक थांबायला लागले. नाक आधी आत यायचं, माणूस मागून. "वा, काय सुगंध," असं म्हणत यायचे. मग बाबांकडे पाहायचे, माझ्याकडे पाहायचे, आणि चाचांना सायकलीच्या हवेचा भाव विचारून निघून जायचे.

या अवघड प्रसंगी निकाल दिला तो आमच्या हेडक्लार्कसाहेबांनी. त्यांच्या घरचा कॉफीचा डबा मुंबईहून यायचा, तो त्या महिन्यात आला नाही. साहेब स्वतः दुकानात आले, बिया हातात घेऊन पाहिल्या, पावडर घेतली. दुसऱ्या दिवशी कचेरीत कुणीतरी कुजबुजलं. तेव्हा ते फायलीवर टिपण द्यावं तशा आवाजात म्हणाले, "भाजलेल्या वस्तूला दोष नाही. अग्नी सगळं शुद्ध करतो. पाण्याचा संबंध आला, तरच प्रश्न येतो."

साहेबांचा शब्द गावात चालायचा. आठवडाभरात वकील, डॉक्टर, मास्तर असे सगळे आमची पावडर न्यायला लागले. पुडी नेत, घरी जाऊन आपल्या पाण्यात उकळत आणि शुद्ध राहत. गल्ला जमू लागला. माय सुद्धा म्हशीचं नाव घेईनाशी झाली. मला वाटलं, चला, सगळं मार्गी लागलं.

एका संध्याकाळी मी जेवताना साहेबांचा निकाल घरी सांगितला. गंमत म्हणून सांगितला. बाबांचा घास हातातच राहिला.

"अग्नी शुद्ध करते?"

"असं म्हणून राहिले."

"बारा गावचा कोळसा टाकला मी त्या जिनात. मले नाई केलं थ्यानं शुद्ध."

 सकाळी दुकानात गेलो तर चाचांच्या बाकाशेजारी शेगडी, किटली आणि कप मांडलेले. माय पदर खोचून बसलेली. भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: चाखल्याशिवाय माल मिळणार नाही.

"बाबा, हे काय?"

"नियम हाय. गिऱ्हाईकानं इथं एक कप प्याचा, पसंत पडला तं पुडी न्याची. पैसे नाई घेनार कपाचे."

"कोनी येनार नाई आता."

"नाई येतीन तं नाई येतीन. मी काय धुनी लावून नाई बसलो लोकायले पवित्र करासाठी."

माय मला म्हणाली, "जाऊ दे ना गा तू कचेरीत." बाबांचा हट्टाला पेटलेला तो चेहरा तिने पलटणीतून आल्यावर एकदा पाहिला होता, तिला तो ठाऊक होता.

दुकान ओस पडलं. वकील रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागले. डॉक्टरांनी कॉफीने झोप उडते असं एकाएकी शोधून काढलं. कचेरीत साहेबांनी मला बोलावून विचारलं, "वडिलांना काय झालंय? चांगला चाललेला धंदा. लोक समजून घेत होते ना?"

मी म्हटलं, "हो साहेब, बरंच समजून घेत होते."

त्या दिवसांत दुकान तगलं ते गड्यांमुळे. मोठ्या घरांना चव तर लागली होती. मालकांनी मग नोकरांना पाठवायला सुरुवात केली. नियम सर्वांना एकच. गडी येत, बाकावर ऐसपैस बसून कप पीत, पुडी नेत. कुणी कुणी परत येऊन सांगत की पुडी सांडली, आणि आणखी एक कप पीत. अमरावतीतल्या काही नामांकित घरांत चांगली कॉफी कशी असते हे मालकाआधी गड्याला कळलं. एका गड्याने तर मालकाला सांगितलं म्हणे की तुमच्या घरी करतात ती कॉफी नव्हे.

आणि मग साहेबांच्या मुलीला पाहायला पुण्याहून पाहुणे आले. मुलाचे वडील कॉफीचे शौकीन, दुधाच्या पाण्यात तपकिरी रंग दाखवून भागणारे नव्हते. साहेबांचा डबा रिकामा, गडी गावी गेलेला, आणि पाहुणे दिवाणखान्यात. साहेब भर दुपारी काळ्या कोटात दुकानात शिरले. मी त्या दिवशी सुटीवर होतो, दळणीपाशी बसलो होतो.

"पावडर द्या. लवकर. घरी माणसं आहेत."

बाबांनी भिंतीकडे बोट केलं.

"अहो, मी तुमचं पहिलं गिऱ्हाईक."

"म्हणून तं तुमाले पहिला कप, साहेब."

साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. चाचा टायरात तोंड घालून बसले होते, पण हवा भरायची त्यांनी थांबवली होती. मायने कप भरला आणि पुढे धरला. साहेबांनी तो घेतला आणि औषधासारखा एका घोटात संपवायला गेले. कॉफी उकळती होती. त्यांचे डोळे पांढरे झाले, पण इतक्या लोकांत थुंकायचं तरी कसं? गिळली.

"सावकाश, साहेब," बाबा म्हणाले. "पाहुने कोठी जात नाई."

उरलेली ते फुंकून फुंकून पिऊ लागले. मायने सहज विचारलं, "गोड बराबर हाय?"

आणि साहेब, त्यांच्याही नकळत, म्हणाले, "साखर जरा कमी आहे."

सगळे थांबले. साहेबही थांबले. पाण्याचा संबंध येऊन चुकला होता, आणि त्यांनी त्यात साखर मागितली होती. मायने अर्धा चमचा साखर टाकून ढवळलं. साहेबांनी कप संपवला, पुडी घेतली आणि जवळजवळ पळतच गेले.

लग्न ठरलं. पाहुण्यांनी कॉफीची इतकी तारीफ केली की साहेबांना तिचा पत्ता सांगावा लागला. ते दुकानात येत राहिले, पण प्रत्येक वेळी कारण घेऊन. आज नमुना पाहायचा आहे. आज घसा बसला आहे. आज उन्हाने चक्कर आली. त्यांच्यामागे वकील आले, मास्तर आले, आणि झोप उडणारे डॉक्टरही आले. प्रत्येकाकडे आपापलं कारण होतं. काही घरं मात्र कधीच आली नाहीत. ती बहुधा शुद्ध राहिली असतील, आम्ही चौकशी केली नाही.

पुढे मायने दुसऱ्या कपाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. पहिला नियमाचा, दुसरा हौसेचा, असा तिचा हिशेब. मग नगरपालिकेचा माणूस आला. हे हॉटेल आहे की दुकान, असं त्याने विचारलं. हॉटेल असेल तर परवाना दाखवा. बाबा म्हणाले, दुकान आहे, इथे माल फक्त चाखला जातो. खात्री करायला त्याने चार कप चाखले आणि 'येथे कोणी काही पीत नाही' असा शेरा मारून गेला.

साठ साल उलटून काही वर्षं गेली होती तेव्हा बाबांना छातीचं दुखणं आलं. कचेरी सांभाळून दुकान मी आणि माय कसंबसं चालवत होतो, बाबा घरी खाटेवर. एका सुटीच्या दुपारी, दुकान बंद असताना, दार वाजलं. साहेब होते. आता निवृत्त झाले होते, कोट सुटला होता, हातात काठी. आमच्या वस्तीत ते पहिल्यांदाच येत होते आणि घर शोधत बरेच फिरले होते. घामाने निथळत होते. मायने पाण्याचा तांब्या आणि पेला आणून ठेवला. मी वाट पाहत होतो, आता काय कारण सांगतात म्हणून. त्यांनी पेला भरला, पाणी प्याले, परत भरला, परत प्याले, आणि बाबांच्या खाटेशेजारी बसून विचारलं, "कधी येताय दुकानावर?"

"पाहू," बाबा म्हणाले. "कावून?"

"तुमचा मुलगा करपवतो."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोघे बराच वेळ माझ्या भाजणीचे दोष काढत बसले.